‘चालतं’ कोण म्हणालं आणि कशावरून: टर्बोप्रॉपच्या पात्यावरच्या टवक्याबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही मुंबईत एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, शिक्षण संपवून सध्या लाइनवर ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) करताय. पहाटेच्या पाळीत एटीआर ७२ या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप (टर्बाइनवर प्रोपेलर फिरणाऱ्या) प्रवासी विमानाच्या डाव्या प्रोपेलरवर, एका पात्याच्या पुढच्या धारेला, तुम्हाला तांदळाच्या दाण्याएवढी खूण दिसली. सीनियरना दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला, ‘चालतं’ म्हणाले आणि विमान वेळेवर सिंधुदुर्गला गेलं. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. सीनियर एका प्रोपेलरला दीड मिनिट देतात आणि तुम्हाला दहा लागतात, तर बरोबर कोण? त्या खुणेचं नेमकं काय करायला हवं होतं? आणि खिशात नाणं ठेवून पातं वाजवून पाहावं का?

मी बावीस वर्षं हे काम करते आहे. सुरुवातीची वर्षं कलिन्याच्या बाजूच्या हँगरमध्ये किंग एअर आणि कॅरव्हॅन या लहान टर्बोप्रॉप विमानांवर गेली, नंतर एटीआरवर आले. एक गोष्ट आधीच सांगते: ती खूण चालण्यासारखी होती की नव्हती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. प्रोपेलरचं मॉडेल कुठलं, पातं ॲल्युमिनियमचं की कंपोझिटचं, खूण टोकाकडे की मुळाकडे, खोली किती, काठ बोथट की धारदार, आणि ती काल होती का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. तुमच्या मनात अडकलेला काटा मात्र मला ओळखीचा आहे. काय पाहायचं याची यादी तुमच्याकडे आहेच. ‘चालतं’ हा शब्द मोजून आला की सवयीने आला, हे तुम्हाला कळलं नाही, आणि खरी अडचण ती आहे.

कानाला दोन्ही ‘चालतं’ सारखेच ऐकू येतात. पहिल्यामागे एक वाक्य असतं: ही खूण अमुक तारखेला नोंदवली आहे, मोजली आहे, मॅन्युअलच्या मर्यादेत आहे, तेव्हापासून वाढलेली नाही. दुसऱ्यामागे एवढंच असतं की अशा खुणा खूप पाहिल्या आणि काही झालं नाही. तुमच्या सीनियरनी त्या विमानावर महिनाभर काम केलं असेल आणि ती खूण त्यांच्या ओळखीची असेल, तर त्यांचा अंगठा उगाच फिरला नव्हता. त्यांनी कालच्याशी आजची तुलना केली. उड्डाणापूर्वीच्या तपासणीचं मर्म माझ्या लेखी तेच आहे: काल जसं होतं तसंच आज आहे का? दीड मिनिटात ते होऊ शकतं, पण काल कसं होतं हे माहीत असेल तरच. तुम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून तुमची दहा मिनिटंही बरोबर होती. चूक एकाच ठिकाणी असू शकते. सीनियरच्या डोक्यातली माहिती कागदावर नसेल, तर रात्रपाळीला येणाऱ्या माणसाला ते विमान पुन्हा अनोळखीच.

एवढ्याशा टवक्याला इतकं महत्त्व का, हे एकदा आकड्यांत पाहून घ्या. एटीआर ७२-५०० आणि ७२-६०० वरचा ५६८एफ प्रोपेलर सहा पात्यांचा, व्यास ३.९३ मीटर. शंभर टक्के वेगाला तो मिनिटाला १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. पात्याचं टोक तेव्हा सेकंदाला जवळपास २४७ मीटर जातं. टोकाशी बाहेर ओढणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त भरतो. टोकाला एक ग्रॅम चिखल चिकटला तर पात्याला तो तीन किलोंच्या वर वाटतो. त्याच वेळी प्रत्येक फेरीला हवेचा दाब थोडा बदलतो आणि पातं वाकून परत सरळ होतं. एका तासात असे ७२ हजार हेलकावे. धातूला हेच जाचतं. गुळगुळीत धारेवर ताण पसरून जातो, पण तीक्ष्ण खाच असेल तर सगळा ताण तिच्या तळाशी गोळा होतो आणि थकव्याचा तडा तिथून सुरू होतो. दुधाची पिशवी एरवी ओढून फाटत नाही, पण कडेला जरासा काप दिला की सरळ फाटत जाते, तसंच हे आहे.

म्हणून ॲल्युमिनियमच्या पात्यावर लहान टवका सापडला आणि तो मर्यादेत असला तरी ‘असू दे’ म्हणायचं नसतं. बारीक कानशीने आणि मग पॉलिश कागदाने तो खोलीच्या कित्येक पट लांबीवर पसरवून, उथळ वाटीसारखा गुळगुळीत करतात. शेवटचा हात पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही, कारण आडवे ओरखडे म्हणजे पुन्हा बारीक खाचाच. मग गंजरोधक लेप आणि रंग. हे काम तसा अधिकार असलेल्या माणसानेच करायचं, मॅन्युअल उघडं ठेवून. उत्साहाच्या भरात ओजेटीवाल्याने कानस हातात घेऊ नये.

एटीआरचं पातं वेगळं. आत भार घेणारा कणा, त्यावर कंपोझिटचं कवच, पुढच्या धारेला झिजेपासून वाचवणारी निकेलची पट्टी, आणि बर्फ साचू नये म्हणून विजेवर तापणारा भाग. इथे खुणेचा अर्थ जागेवर ठरतो. निकेलच्या पट्टीवर खडा लागून बोथट पोचा आला, तर बहुतेक वेळा तो मोजून नोंदवायचा मामला असतो. पट्टी फाटली, तिची कड उचलली गेली, किंवा ती कवचापासून सुटली, तर गोष्ट बदलली. पट्टीच्या मागे कवचाचा रंग उडून तंतू उघडे पडले, तर तिथून पाणी आत शिरायला वाट मिळते. मुंबईत जून ते सप्टेंबर विमान पावसातच उभं असतं. उघड्या तंतूंची जागा पावसाळ्यात उद्यावर टाकायची नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगते.

आता मी स्वतः कसं पाहते ते. हात लावण्याआधी एक गोष्ट, ती चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ. कॉकपिटमध्ये कुणी आहे का आणि त्याला मी प्रोपेलरपाशी आहे हे माहीत आहे का? चाकांना चॉक (अडणी) लागलेत का? एटीआरवर आणखी एक: त्याला वेगळं एपीयू, म्हणजे जमिनीवर उभं असताना वीज-हवा देणारं छोटं इंजिन, नसतं. उजवं इंजिन प्रोपेलर ब्रेक लावून चालवतात, त्यालाच आपण हॉटेल मोड म्हणतो. म्हणजे उजवा प्रोपेलर निवांत उभा दिसतो आणि त्याच्या मागे इंजिन चालू असतं. उभा प्रोपेलर म्हणजे बंद इंजिन, ही समजूत एटीआरपाशी सोडून द्या. हॉटेल मोडमध्ये उजव्या बाजूला हात लावायचा नाही, डोळ्यांनी लांबूनही नीट दिसतं. डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याच मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ जेटच्या चालू इंजिनात ओढला जाऊन गेला. त्या दिवसापासून, इंजिन बंद आहे याची स्वतः खात्री केल्याशिवाय मी कुठल्याही विमानाच्या त्या घेऱ्यात पाऊल टाकत नाही, मग कितीही घाई असो.

सुरुवात लांबून. दहा पावलं समोर उभी राहते आणि सगळा प्रोपेलर एकत्र पाहते. सगळी पाती एकाच कोनात आहेत का? एखादं जरी वेगळ्या कोनात दिसलं, तर आतली कोन बदलणारी जोडणी संशयित. हे जवळ गेल्यावर दिसत नाही, लांबूनच दिसतं. पुष्कळजण थेट पात्याला नाक लावतात आणि नेमकं हे निसटतं. त्याच जागेवरून स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) सरळ बसलाय का, त्याचे स्क्रू जागेवर आहेत का, आणि खाली जमिनीवर थेंब आहेत का, हेही दिसतं.

पाती फेदरमध्ये, म्हणजे धार वाऱ्याकडे वळलेल्या कोनात, असायला हवीत की नाही, हे इंजिनावर आहे, आणि इथे नवीन मुलं गोंधळतात. पीटी६ किंवा पीडब्ल्यू१०० जातीच्या इंजिनात प्रोपेलर वेगळ्या टर्बाइनवर असतो, गाभ्याशी जोडलेला नसतो. बंद केल्यावर तेलाचा दाब गेला की पाती धार पुढे करून फेदरमध्ये जातात. किंग एअर, कॅरव्हॅन, एटीआर ही सगळी या घरातली. डॉर्निअर २२८ वरचं टीपीई३३१ मात्र एकाच सरळ शाफ्टचं. सुरू करताना प्रोपेलरही फिरवावा लागतो, म्हणून त्याची पाती बंद करताना मुद्दाम सपाट कोनात लॉकवर ठेवतात. तिथे पाती फेदरमध्ये दिसली तर लॉक बसलेले नाहीत, तशा स्थितीत स्टार्टर दाबायचा नाही. म्हणजे एकाच दृश्याचा अर्थ एका विमानावर ‘ठीक’ आणि दुसऱ्यावर ‘थांबा’. टीपीई३३१ चा प्रोपेलर हाताने फिरवायचा झाला तर फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवायचा, उलटा नाही.

मग जवळ. एकेक पातं खाली आणून पाहते. वरच्या पात्याकडे मान वर करून पाहणं म्हणजे न पाहणंच. टॉर्च समोरून मारत नाही. पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरते, म्हणजे पोचा, फुगवटा, उचललेली कड यांची सावली पडते. समोरून मारलेल्या उजेडात हे सगळं सपाट दिसतं. विश्वास बसत नसेल तर भिंतीवरच्या पुट्टीवर करून पाहा. टोकापासून सुरू करून धारेवरून सुती कापड फिरवते. जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा माझ्या खिशात असतो. धारेवर बारीक ओरखडा वर आलेला असेल किंवा पट्टीची कड सुटलेली असेल तर मलमलचे धागे अडकतात, आणि अडकले की तिथे डोळे जातात. बोट मात्र फिरवू नका. झिजलेल्या निकेलची धार वस्तऱ्यासारखी असते.

पुढची बाजू झाली की मागची. ती जवळजवळ सगळेच विसरतात, कारण ती इंजिनाच्या तोंडाकडे असते. मग मूळ, जिथे पातं हबमध्ये, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या गाठीत, जातं. तिथे मला तेल आणि ग्रीस दोन्हींचा माग काढायचा असतो. हबच्या सीलमधून गळणारं तेल फिरताना बाहेर फेकलं जातं, म्हणून त्याचा ओघळ पात्यावर मुळाकडून टोकाकडे जातो. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधलं तेल स्पिनरच्या मागे, नॅसेलवर (इंजिनाच्या कवचावर) पसरतं. दाट, गडद ग्रीस थोडंसं बाहेर येणं काही प्रोपेलरांवर ओव्हरहॉलनंतर सुरुवातीला दिसतं, पण ते थांबायला हवं. काही मॅकॉली हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचं तेल भरलेलं असतं. हबला तडा गेला तर तो लाल रेघेने स्वतःच दिसतो. लाल दिसलं की विमान थांबतं, तिथे चर्चेला जागा नाही. इतर ठिकाणी माझी रीत साधी आहे: पुसा, तारीख-वेळ लिहा, पुढच्या लँडिंगनंतर पुन्हा पाहा. न पुसलेला डाग कालचा की आजचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

लहान विमानांवर पात्याचं टोक धरून हलकेच पुढे-मागे हलवून ढिलेपणाही पाहते. किती हलणं मान्य, ते त्या त्या मॅन्युअलमध्ये असतं. आणि पात्यावर किंवा टोकाला सुईने पोळल्यासारखा काळा ठिपका दिसला तर विजेचा संशय धरते. वीज शिरते तशी कुठूनतरी बाहेरही पडते, म्हणून एक ठिपका सापडला की दुसऱ्याच्या शोधात सगळी पाती आणि हब पाहायचं.

मुंबईबद्दल थोडं. जुहूचा किनारा इथून काही किलोमीटरवर आहे आणि ती खारी हवा रोज आपल्या विमानांवर बसते. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, त्याची पांढरी पूड होते, रंगाखाली, हळूहळू. एका जुलैत मी कॅरव्हॅन पाहत होते. पात्याच्या मागच्या अंगाला मसुराच्या डाळीएवढा रंगाचा फुगवटा होता. पाऊस ओसरलेला, टॉर्च आडवा होता म्हणून सावली पडली, नाहीतर तो दिसलाच नसता. परवानगी घेऊन रंग काढला, तर आत पांढरी पूड आणि तिच्या खाली खड्डा. खोली मोजली, मर्यादेच्या बाहेर. प्रवासी चार्टरचे होते, लाउंजमध्ये येऊन बसलेले. कंपनीच्या माणसाने मला विचारलं, ‘मॅडम, आज एवढं जाऊन येऊ दे, उद्या बघू.’ मी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या वहीत, लिहिलं आणि सही केली. त्याने माझ्याशी पुढे बरेच दिवस बोलणं सोडलं होतं. पातं उतरवून शॉपला, म्हणजे दुरुस्तीच्या कारखान्यात, गेलं आणि विमान चार दिवस उभं राहिलं. अशा प्रसंगी तोंडी वाद घालत बसू नका. लिहिलेल्या ओळीशी कुणी भांडू शकत नाही.

पावसात उडताना थेंबांनीच पट्टी आणि रंग झिजतात, म्हणून सप्टेंबरअखेर पात्यांची धार जूनपेक्षा खरखरीत लागते. गोड्या पाण्याने धुणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त जोराचा फवारा हबच्या सीलवर मारायचा नाही. मॉन्सूनपूर्व वावटळी सुरू झाल्या की उभ्या विमानांचे प्रोपेलर पट्ट्याने बांधतात, कारण पीटी६ जातीत गाभ्याशी न जोडलेला प्रोपेलर वाऱ्यावर मोकळा फिरत राहतो आणि तेव्हा बेअरिंगना तेलाचा दाब नसतो. तो पट्टा आणि इनटेकची झाकणं काढली का, हेही याच फेरीत. दोन दिवस झाकणाशिवाय उभ्या विमानाच्या इनटेकमध्ये साळुंकीने काड्या आणून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. एवढं सगळं करूनही काही दोष या फेरीत दिसणारच नाहीत. २१ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या कॅरलटनजवळ एम्ब्रेअर १२० ब्राझिलिया हे टर्बोप्रॉप प्रवासी विमान पडलं, आत २९ जण होते. चढताना एक पातं तुटलं होतं. तपासात निघालं की पात्याच्या आतल्या पोकळ भागात क्लोरीनमुळे गंजाचे खड्डे पडले होते आणि तडा तिथून वाढत गेला. ते पातं आधी कारखान्यात तपासून परत आलेलं होतं. १० जुलै २०१७ ला मिसिसिपीत अमेरिकन मरीन दलाचं केसी-१३०टी हे लष्करी विमान पडून १६ जण गेले. तिथेही पात्यातला गंज, जो ओव्हरहॉलमध्ये निघायला हवा होता तो निघाला नव्हता. त्याच वर्षी १७ मार्चला ऑस्ट्रेलियात सिडनीला येणाऱ्या साब ३४० चा अख्खा प्रोपेलर शाफ्टच्या तड्यामुळे हवेत सुटून गेला. सुदैवाने विमान सुखरूप उतरलं. या तिन्ही वेळी त्या सकाळी पात्यासमोर कुणी अर्धा तास उभं राहिलं असतं, तरी बाहेरून काही दिसलं नसतं.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही लिहिलंय की विमान गेल्यावर ‘आपण आणखी पाहिलं असतं तर’ हा विचार मनातून जात नव्हता. बाहेरची कातडी आपल्या वाट्याची, आतलं शॉपचं, आणि मध्ये एक दुवा आहे जो आपल्या हातात असूनही आपण ढिला सोडतो: वैमानिकांची तक्रार. टेक लॉगमध्ये ‘प्रोपेलरचं व्हायब्रेशन किंचित जास्त’ अशी ओळ आली की अनेकदा बॅलन्सिंग करून ती बंद होते. बॅलन्सिंग करण्याआधी कारण विचारा. काल शांत असलेला प्रोपेलर आज का थरथरतो? मागची दहा पानं उलटा. त्या पात्यावर पूर्वी काय नोंदलंय ते पाहा. आतला दोष बाहेर येण्याआधी कधीकधी एवढीच कुजबूज करतो.

वैमानिकांच्या वाट्याचंही सांगायला हवं, कारण तुम्ही उद्या त्यांच्याशी बोलाल. कॉकपिटमधून ते गव्हर्नर (प्रोपेलरचा वेग राखणारा भाग), फेदर, बर्फरोधक आणि एटीआरवर एटीपीसीएसची चाचणी घेतात. टेकऑफला एक इंजिन गेलं तर त्या बाजूचा प्रोपेलर आपोआप फेदर करून दुसऱ्या इंजिनाला जोर देणारी ती यंत्रणा. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२-६०० पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले. त्यात इंजिन धडधाकट असताना त्या यंत्रणेच्या युनिटमधल्या सदोष जोडामुळे उजवा प्रोपेलर फेदर झाला, आणि मग वैमानिकांनी चुकून डावं, चालू असलेलं इंजिन बंद केलं. टेकऑफच्या धावेत ती यंत्रणा आर्म, म्हणजे सज्ज, न झाल्याची खूण त्यांना दिसली होती, तरी धाव पुढे चालू राहिली. वैमानिक उतरताना सहज म्हणाला, ‘एटीपीसीएस मध्येच गेलं होतं, मग आलं’, तर ती गप्पा समजू नका, टेक लॉगमध्ये लिहून मागा. येऊन-जाऊन असणारा दोष लिहिला नाही तर तो कधीच सापडत नाही.

आता तुमची खूण. त्या पहाटे हे व्हायला हवं होतं. विमानाच्या नोंदीत, डेंट अँड बकल चार्टमध्ये (पोचे-खुणांच्या नकाशात) किंवा तुमच्याकडे प्रोपेलरसाठी जो कागद असेल त्यात, त्या क्रमांकाच्या पात्यावर त्या जागी खूण आहे का ते पाहायचं. असेल, तर मापं जुळवायची. जुळली की विषय दोन मिनिटांत संपतो आणि ‘चालतं’ खरं ठरतं. नसेल, तर ती नवी. मग टोकापासूनचं अंतर, लांबी, खोली मोजायची, बाजूला पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, मॅन्युअलमधली मर्यादा काढायची आणि लायसन्सधारक इंजिनिअरने निर्णय लिहायचा. मर्यादेत असेल तरी नोंद होते. नसेल तर विमान उभं राहतं. या सगळ्याला मोजायची साधनं हाताशी असली तर वीसेक मिनिटं लागतात. सिंधुदुर्गची फ्लाइट वीस मिनिटं उशिरा गेली असती.

ते विमान आजही उडतंय, म्हणजे काम अजून होऊ शकतं. तुम्हाला पात्याचा क्रमांक आठवत असेल तर आजच नोंद शोधा. सीनियरना कसं सांगायचं, ही तुमची खरी धास्ती आहे, ते तुमच्या लिहिण्यातून कळलं. ‘तुम्ही चुकलात’ असं बोलूच नका, कारण ते चुकले हे तुम्हाला ठाऊकच नाही. ‘सर, त्या दिवशीची खूण चार्टवर कुठे आहे, मला शिकायचंय’ असं विचारा. चांगला सीनियर लगेच चार्ट काढतो. नोंद नसेल तर त्यालाही त्या क्षणी ते दिसतं, आणि बहुतेक माणसं मग स्वतःच टॉर्च उचलतात. त्यांनी टाळलं, तर शिफ्ट इन्चार्ज आहेत आणि तुमच्या संस्थेत लेखी सुरक्षा रिपोर्ट देण्याची सोय असणारच. ती वापरण्यात लाज नाही.

उरलं नाणं. कंपोझिट पात्याचं कवच आतून सुटलंय का, हे टिचकीने कळतं, ही जुनी आणि खरी पद्धत आहे. बसलेली फरशी टणटणीत वाजते आणि खालून सुटलेली पोकळ, तसाच फरक. पण एप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागी) जीपीयू, म्हणजे विमानाला जमिनीवरून वीज देणारं यंत्र, घरघरत असताना, शेजारच्या बेवर इंजिन सुरू होत असताना, तो फरक तुम्हाला किंवा मला ऐकू येणार नाही. तिथे पातं वाजवून ‘ठीक वाटलं’ म्हणणं म्हणजे काहीच न तपासता तपासल्यासारखं. शिवाय कशाने, कुठे, किती अंतरावर टकटक करायची हे मॅन्युअल सांगतं, ते सोडून स्वतःची पद्धत काढू नका. उड्डाणाआधी शंका आली तर ती लिहा आणि इंजिनिअरला बोलवा. एरवी ऐकायला शिकायचं असेल तर विमान रात्री हँगरला आलं, आजूबाजूची यंत्रं बंद झाली की कुणा अनुभवी माणसाला सोबत घ्या. त्यांना आधी एखाद्या चांगल्या पात्यावर मुळापासून टोकापर्यंत टकटक करायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. कणा असलेल्या जागी आवाज वेगळा येतो, धारेजवळ वेगळा, टोकाला आणखी पातळ. हे तीन आवाज कानात बसायला मला दोन-तीन रात्री लागल्या होत्या. ते बसल्यावरच शंकेच्या जागी नाणं वाजवा.